पानिपतावरून आलेली बंदूक

कोकणात खोती गेली, जमिनी कुळांच्या नावावर चढल्या, माडीचा जिना खचला. पण ज्या घरात बंदूक राहिली, त्या घरातला एक तरी पुरुष मनाने अजून खोतच आहे. गाव त्याला आबा म्हणतं. असे आबा रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही सापडतात. पाहुण्याचा चहा अर्धा होईपर्यंत ते गाव, आडनाव आणि कुलदैवत विचारून घेतात, आणि कप खाली टेकला की हळूच म्हणतात, "आमच्याकडची वस्तू पाहिलीत?"

वस्तू माजघरात, आढ्याजवळच्या दोन खुंट्यांवर, जुन्या धोतरात गुंडाळलेली असते. दसऱ्याला तिला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि खोबरेलाचा हात. एरवी वर्षभर तीत कोळी नांदतात. आबा ती दोन्ही हातांनी उतरवतात आणि पाहुण्याच्या मांडीवर ठेवतात. "जड आहे ना? असणारच. पानिपतावरून आली आहे. आमचे खापरपणजोबा होते तिकडे." चार पिढ्यांत अडीचशे वर्षं कशी बसवली, हे विचारायचं नसतं. मांडीवर बंदूक असताना तर नाहीच.

बंदुकीवर अक्षर म्हणून नाही. कंपनी सरकारच्या बंदुकांवर कंपनीची निशाणी असायची, विलायती फौजी बंदुकीच्या खटक्यावर मुकुट आणि 'टॉवर' असा शिक्का, लंडन-बर्मिंगहॅमला पारखून आलेल्या नळीवर तपासणीचे ठसे. इथे सगळं कोरं. दस्त्यावर एक आकडा आहे, तो परवान्यासाठी ठोकलेला; वस्तू दाखवताना आबांचा अंगठा नेमका त्यावर असतो. दुसरा कोणी हिरमुसला असता. आबांना मात्र हा कोरेपणा सोयीचा आहे. सनदा, बखरी, सातबारे यांत काहीतरी लिहिलेलं असतं आणि ते नेमकं आपल्याविरुद्ध निघतं. बंदूक बिचारी जे म्हणाल त्याला मान डोलावते.

हे सुरळीत चाललं होतं. मग आबांना जावई मिळाला, तो खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला.

जावयाने वस्तू मांडीवर घेतलीच नाही. नळी भिंतीकडे करून ठेवायला सांगितली आणि विचारलं, "गज कुठे आहे?" गज परसात होता. मोरी तुंबली की काकू तोच वापरत. त्यांनी पदराला पुसून आणून दिला. जावयाने तो हलकेच नळीत सोडला, तोंडापाशी नखाने खूण धरली, बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. घोड्याखाली केप बसवायची निपल असते, तिच्यापर्यंत गज पोचायला हवा. तो चार बोटं आधीच थांबला.

"आबा, ही भरलेली आहे."

याच वस्तूबरोबर दोन मुंजींत आणि एका साखरपुड्यात फोटो निघाले होते. नवऱ्या मुलाने तर चाप ओढून पोझ दिली होती. काकूंनी नातवंडं गोळा केली आणि थेट आगरात नेली. आबा मात्र उजळले. "म्हणजे पानिपताची दारू अजून आत आहे!"

ती काढायला परवानाधारक मिस्त्री लागला. वरची डाट कोरडीच निघाली. मग पाणी ओतून, मुरवून, गजाला फिरकी लावून खालचा काळा चिखल आणि मूठभर छर्रे बाहेर आले. डाट कागदाची होती. उलगडली तर छापील पंचांगाचा तुकडा. त्यावर एकादशी तेवढी वाचता येत होती. पानिपतावर छापील पंचांग कुठून येणार, हे जावई बोलला नाही. सासऱ्यांनी विचार करायला वेळ घेतला आणि म्हणाले, "स्वारीवर निघताना मुहूर्त पाहायचे."

मग जावयाने नळीत उजेड पाडला. आबा वस्तूला अधूनमधून रायफल म्हणत. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्यांनीच गोळी फिरत जाते. ही नळी आतून गुळगुळीत. आणि निपल? पानिपत झालं 14 जानेवारी 1761 ला. ठिणगी पडून दारू पेटेपर्यंत पक्षी उडून जातात, याला वैतागलेल्या फॉर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने ठोक्याने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं 1807 साली. केप त्यानंतरची. सदाशिवरावभाऊंच्या फौजेत ती असणं शक्य नव्हतं.

आबांनी पानिपत सोडलं. अब्रूने माघार घ्यावी कशी, हे त्यांच्याकडून शिकावं. "मग सत्तावन्नची असेल." जावई म्हणाला, तेव्हाच्या एन्फिल्डच्या नळीत तीन खाचा असत. "झिजल्या असतील." आणि शिक्का? "पुसला. इंग्रजांना सापडू नये म्हणून." शेवटी आबा 1879 वर येऊन थांबले, वासुदेव बळवंतांच्या बंडातली असणारच, कारण फडके मूळचे कोकणातलेच. यापुढे इतिहास सरकेना, कारण जावयाने परवाना मागितला. त्यात कारण स्वच्छ लिहिलं होतं: पीक संरक्षण. कुणातरी गाववाल्या कारागिराने घडवलेली, रानडुकरांवर रोखायची ठासणीची बंदूक. आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते. त्या पावत्यांचा गठ्ठा हाच तिचा लेखी इतिहास, आणि तो आबांच्या कोणत्याही कहाणीपेक्षा पक्का आहे.

मला विचाराल तर डुकरांपासून भात राखलेली बंदूक ही पानिपत हरून आलेल्या बंदुकीपेक्षा कामाची. आबांना हे पटवायच्या भानगडीत कुणी पडू नये.

तुमच्याही माजघरात अशी वस्तू असेल, तर खापरपणजोबांकडे नंतर वळा. आधी परवान्याची मुदत पाहा. बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला, नळी कुणाकडे वळवू नका, केप बसवून किंवा न बसवता चाप ओढून पाहू नका, आणि आतलं काढायचं काम मिस्त्रीवर सोपवा.