इलेक्टिववाला

अहिल्याबाई घाटामागच्या गल्लीत आमचा वाडा आहे आणि तिथे बहुतेक हिवाळ्यांत एक इलेक्टिववाला उतरतो. चेहरा बदलतो, प्राणी तोच. जन्म लेस्टरचा नाहीतर लंडनच्या हॅरोचा, आईवडील सांगलीचे नाहीतर ठाण्याचे, मराठी स्वयंपाकघरापुरतं. ब्रिटनमधल्या मेडिकलच्या पोरांना शेवटच्या वर्षांत काही आठवडे हव्या त्या देशात जाऊन काम बघायची मुभा असते. तेच हे इलेक्टिव. आईचं म्हणणं, त्यात काशीही होऊन जाईल. म्हणून हा बीएचयूच्या सर सुंदरलाल रुग्णालयात दाखल होतो. तूर्तास तरी रुग्ण म्हणून नव्हे.

रेबीजपासून टायफॉइडपर्यंत सगळ्या सुया टोचून घेतलेल्या असतात. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, मच्छरदाणी, कपाळाला बांधायची बॅटरी असा जामानिमा असतो. एवढं करून त्याला खोलीत दुसरी खाट दिसते आणि रक्तदाब वाढतो.

दुसरी खाट नांदेडकडच्या एका वेदपाठी मुलाची. तो पहाटे चारला उठून घनपाठाची आवृत्ती करतो. घनपाठात शब्द पुढे म्हणायचे, उलटे म्हणायचे, परत पुढे म्हणायचे, मग तिसरा शब्द जोडून तोच खेळ. एका इलेक्टिववाल्याने ते अंधारात तासभर ऐकलं आणि सकाळी आमच्या काकूंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “याला हे कधीपासून होतंय?”

न्हाणीघर अख्ख्या वाड्यात एक. अहिल्याबाईंनी घाट बांधला, 1780 च्या सुमारास विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं, कुठेच हात आखडला नाही. आमच्या पणजोबांनी तो आखडला. त्यामुळे सकाळी रांग लागते, आणि रांगेत उभं राहण्यात इंग्रजांच्या देशात वाढलेल्या माणसाचा हात कोण धरणार! तो शिस्तीत उभा राहतो आणि त्याच्या पुढून तीन जण आंघोळ करून जातात. “बेटा, बस दो मिनट,” म्हणत चौथे शेजारचे गुरुजी शिरतात. ते तर वाड्यातलेही नसतात.

मग तो वेळापत्रक करतो. रंगीत पेनांनी. कोणी कधी आंघोळ करायची, कपबशा कोणी विसळायच्या, फ्रिजमधला कुठला कप्पा कोणाचा. काकू ते चष्मा लावून पूर्ण वाचतात. “गागाभट्टांचं घराणं इथलंच हो,” त्या सांगतात. “1674 साली रायगडावर जाऊन राज्याभिषेक करून आले, पण तिथे कोणाला कपबशांच्या पाळ्या लावून दिल्या नाहीत.” आणि त्याच्या नावाच्या कप्प्यात विरजणाचं पातेलं ठेवतात.

एकदा मात्र प्रकरण पेटलं होतं. वेदपाठ्याचं दोरीवर वाळणारं सोवळं एकाने पावसाची सर आली म्हणून धावत जाऊन, घडी घालून आणून दिलं. इतक्या सभ्यपणे कोणाचंच सोवळं आजवर मोडलं नसेल.

संध्याकाळी अभ्यास करायचा तर शेजारच्या दशाश्वमेधावर आरती सुरू होते आणि कर्णे थेट खिडकीत येतात. कानातले बोळे तिथे टिकत नाहीत. दोन आठवड्यांनी तो पुस्तक मिटतो आणि आरती संपेपर्यंत खालच्या पायऱ्यांवर जाऊन बसतो. तिथेच त्याची खरी प्रॅक्टिस सुरू होते.

कारण तोवर नावाड्यांपर्यंत बातमी गेलेली असते. “का हो डागदर साहब, तनी ठेहुना देख लीं।” तो घाबरून सांगतो की मी अजून विद्यार्थी आहे, मला औषध लिहून देता येत नाही. पण परीक्षेसाठी पाठ केलेले प्रश्न तोंडात बसलेले असतात: दुखणं कधी सुरू झालं, रात्री झोप लागते का, घरी कोण कोण असतं, तुम्हाला स्वतःला कशाची काळजी वाटते? वेदपाठी शेजारी बसून हे हिंदीत करून सांगतो. गोदौलिया चौकापासून लंका मोहल्ल्यापर्यंत पन्नास पाट्या डॉक्टरांच्या असतील, पण घरी कोण असतं हे नावाड्याला आजवर कोणी विचारलेलं नसतं. पैसे घेत नाही, गोळी देत नाही, सुई टोचत नाही, तासभर ऐकून घेतो! चार दिवसांत घाटावर पायरीगणिक गुडघे उघडे पडतात. रांग लागते, आणि त्या रांगेत मात्र कोणी मध्ये घुसत नाही, कारण वेदपाठी उभा असतो.

जाताना इलेक्टिववाला पुढच्यासाठी वॉर्डात लिहितात तसा हँडओव्हर ठेवून जातो. यंदाचा असा होता: “काकू: प्रकृती उत्तम, सल्ला ऐकत नाहीत. खाट क्रमांक दोन: पहाटे चारला आवाज, निदान वेद, उपचार नको. न्हाणीघर: गुरुजींच्या आधी घुसावे. फ्रिज: नाद सोडावा. नावाडी, उजवा गुडघा: मुलीचं लग्न ठरलं का ते आधी विचारावे.”