बंद मशीनचं चालू बिल

उम्म अल कुवैनच्या जुन्या धावपट्टीवर इल्युशिन-76 जातीचं एक अवाढव्य विमान दोन दशकांहून जास्त काळ ठाण मांडून होतं. 1999मध्ये उतरलं ते पुन्हा उडालंच नाही. कुणीतरी त्याच्या अंगावर हॉटेलची जाहिरात रंगवली, आणि अखेर 2022मध्ये ते मोडीत निघालं. क्लाउडवर भाड्याने घेऊन विसरलेल्या व्हर्च्युअल मशीनची गत अशीच होते. फरक एवढाच, की तिच्यावर जाहिरातसुद्धा रंगवता येत नाही. इथल्या फ्री झोनमधली छोटी कंपनी असो की पुण्यातली मोठी, घासाघीस होते ती दरावरून. खर्च मात्र ठरतो मीटर कशाने मोजतो आणि कधी थांबतो यावर.

2006मध्ये ॲमेझॉनने तासाला 10 सेंट या दराने मशीन द्यायला सुरुवात केली. पाच मिनिटं वापरा की पंचावन्न, बिल पूर्ण तासाचं. पन्नास मिनिटांचं काम एका मशीनवर केलं तर 10 सेंट. तेच घाई म्हणून दहा मशीनवर पाच-पाच मिनिटं वाटलं, की एक डॉलर, म्हणजे 3.67 दिरहम. काम तेवढंच, बिल दहापट! म्हणून शहाणे इंजिनियर काम संपलं तरी मशीन तास भरेपर्यंत सोडत नसत, न जाणो दुसरं काम आलं तर. ‘पैसे भरलेच आहेत, तर वसूल करू’ हा अल्गोरिदम शोधायला मराठी माणसाला संगणकशास्त्र शिकावं लागत नाही. पुढे 2 ऑक्टोबर 2017पासून लिनक्स मशीनचं बिल सेकंदावर आलं, किमान आकार फक्त एका मिनिटाचा. त्याच दिवशी कालचं शहाणपण उधळपट्टी ठरलं. दहा मशीन घ्या की एक, पन्नास मिनिटांचे साधारण सव्वाआठ सेंटच. रिकामी मशीन धरून ठेवली, तर मात्र प्रत्येक सेकंद खिशातून.

मग आता काळजी कसली, असं कुणी म्हणेल. काळजी मीटर थांबवण्याची. अझ्यूर नावाच्या दुसऱ्या क्लाउडवर मशीनच्या आत शिरून विंडोज शटडाऊन केलं, तर पडदा काळा होतो, पण जागा तुमच्याच नावावर अडकलेली राहते आणि भाडं चालूच. पोर्टलवरून ‘स्टॉप’ केलं तरच जागा सुटते. डिस्कचं भाडं त्यानंतरही लागतंच. सामान ठेवून घर सोडता येत नाही. दुसरे म्हणतील, तीन वर्षांचा करार करा, घसघशीत सूट मिळते. मिळते, पण ती चोवीस तासांच्या हिशेबावर. आठवड्याचे तास 168. सहा दिवस रोज दहा तास चालणाऱ्या ऑफिसला त्यातले 60 लागतात, जेमतेम 36 टक्के. म्हणजे सूट 64 टक्क्यांहून कमी असेल, तर वेळेवर बंद होणारी विनाकराराची मशीनच स्वस्त. अर्थात ही ‘वेळेवर’ची अट सूट देणाऱ्यालाही चांगली ठाऊक असते.

तेव्हा वीकेंडला दुबईकडे गाडी काढण्याआधी पोर्टल उघडून बघा. मशीनसमोर ‘स्टॉप्ड’च्या पुढे ‘डीॲलोकेटेड’ लिहिलेलं दिसेपर्यंत ऑफिसला कुलूप लावू नका.