इंदुमतीचं माहेर

पुराणांनी विदर्भाकडे एकच खातं सोपवलेलं दिसतं : लेकी देण्याचं. अगस्त्य ऋषींची लोपामुद्रा इथली, नळाची दमयंती इथली, अजाची इंदुमती इथली, अग्निमित्राची मालविका इथली आणि सगळ्यांत लाडकी रुक्मिणी तर आमच्या कौंडिण्यपूरची. काळ्या जमिनीत कापूस फार नंतर आला. त्याआधी ही जमीन राजकन्याच पिकवत असावी. प्रत्येक कथेत जावई बाहेरचा. तो कधी स्वयंवराच्या मंडपात उभा राहतो, कधी रथ घेऊन देवळाबाहेर थांबतो, आणि मग पुढचा सगळा मजकूर अयोध्येत, निषधात नाहीतर द्वारकेत घडतो. विदर्भ फक्त सुरुवातीपुरता. पुढे कवीला त्याची गरज उरत नाही; लेकीला उरते, पण लेकीला कोण विचारतो?

अमरावतीकर या बाबतीत थोडे हळवे आणि बरेच अभिमानी. अंबादेवीच्या दर्शनाला पाहुणा आला की ओटीचं ताट हातात द्यायच्या आधी आम्ही त्याला सांगतो, की शिशुपालाशी लग्न ठरलेलं असताना रुक्मिणी याच देवीला आली होती आणि श्रीकृष्णाने तिला इथूनच नेलं. शिवाय देवळापासून थेट कौंडिण्यपूरपर्यंत भुयार आहे, हेही सांगतो. अंतर चाळीसेक किलोमीटर, वाटेत नाले-ओढे. पण भुयाराच्या बाबतीत वऱ्हाडी माणूस किलोमीटर मोजत बसत नाही. ते कोणी पाहिलेलं नाही, म्हणून ते कधी ढासळलेलंही नाही. ग्रीकांकडेही अशी एक जमिनीखालची वाट होती. तिच्यातून ऑर्फियस नावाचा गवई आपल्या मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, परत आणायला गेला. फरक इतकाच, की त्यांची वाट मृत्यूच्या दारात संपते आणि आमचं भुयार लग्नघरात उघडतं.

ती ग्रीक वाट मला दाखवली एका जर्मन कवीने, आणि तो कवी मला भेटला अकोल्यात, रद्दीच्या दुकानात, कपाशीवरच्या किडींची माहिती देणाऱ्या पुस्तिकांच्या खाली. रायनर मारिया रिल्के. जन्म प्रागचा, 1875 सालचा. पुस्तक त्याच्या विलापिकांच्या इंग्रजी अनुवादाचं होतं, मुखपृष्ठ हरवलेलं, त्यामुळे कवी घरच्या कपड्यांत भेटावा तसा भेटला. ते मी वाचलं मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणाऱ्या शकुंतलेत. ही आमची अरुंद रुळांची गाडी. ब्रिटिश कंपनीने कापूस वाहायला सुरू केली आणि मग तिच्यात माणसंही बसू लागली. दर्यापूर, अंजनगाव करत ती अशा संथपणे जायची, की एका स्टेशनापासून दुसऱ्यापर्यंत एक विलापिका सहज वाचून व्हावी आणि शिवाय तिच्यावर विचार करून ती न कळल्याचं दुःखही पुरेसं भोगून व्हावं. नवऱ्याने विसरलेल्या बाईचं नाव त्या गाडीला पडलं होतं. पुढे सगळ्यांनीच तिला विसरून त्या नावाचा मान राखला.

रिल्केच्या त्या दहा विलापिकांच्या जन्माची कथा मला कवितांइतकीच आवडते. 1912 चा जानेवारी. एड्रियाटिक समुद्राच्या कड्यावर डुइनो नावाचा किल्ला. किल्ला एका राजस्त्रीचा, कवी तिचा पाहुणा. हिवाळा असल्याने बहुतेक एकटाच. सकाळी टपालाने एक कंटाळवाणं व्यवहाराचं पत्र आलेलं. त्याला काय उत्तर द्यावं, या विवंचनेत तो सोसाट्याच्या वाऱ्यात तटावर येरझाऱ्या घालत होता आणि त्या वाऱ्यातच त्याला पहिल्या विलापिकेची पहिली ओळ ऐकू आली. त्याने ती वहीत टिपून घेतली. मग काय केलं? शांतपणे खोलीत गेला आणि आधी त्या पत्राला उत्तर लिहिलं. कविता संध्याकाळपर्यंत झाली. ज्या कोणाची हयात जावक क्रमांक टाकण्यात गेली असेल, त्याने रिल्केवर प्रेम करायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. आकाशवाणी झाली तरी आजचं टपाल आजच.

त्या विलापिकांचा सूर असा, की सौंदर्य आणि भय या दोन वेगळ्या वस्तू नाहीतच. जे फार सुंदर असतं त्याच्यासमोर आपण टिकतो, ते केवळ त्याने आपल्याकडे अजून पुरतं लक्ष दिलेलं नाही म्हणून. तिथे देवदूत येतात, पण ते ख्रिस्ती स्वर्गातले नव्हेत, असं रिल्केने 1925 साली एका पत्रात स्वतःच बजावलं. इस्लाममधल्या देवदूतांशी त्यांचं नातं अधिक जवळचं, असं त्याचं म्हणणं. हे वाचलं की जड वाटतं. पण मेळघाटात जाऊन आलेल्या कुठल्याही माणसाला ते कळलेलं असतं. वाघ दिसावा म्हणून माणसं पैसे भरतात, पहाटे थंडीत कुडकुडत जिप्सीत बसतात, वाटाड्याला सतरा प्रश्न विचारतात. आणि सागाच्या पानांआड तो पिवळा-काळा पट्टा खरंच हलला की मनातल्या मनात सगळी दैवतं आठवतात. पुढचा आठवडाभर मात्र घरी सांगतात, काय देखणं जनावर! रिल्केने असं जनावर पाहिलं ते पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात, गजांमागे येरझाऱ्या घालणारा बिबट्या, आणि त्यावर लिहिलेली छोटीशी कविता जगभर गेली. तो चिखलदऱ्याला आला असता तर कविता कदाचित अधिक लांबली असती. किंवा अजिबात झाली नसती. पळताना वही कोण सांभाळतो?

सौंदर्याने माणूस मरतो, हे सांगायला मात्र आम्हाला डुइनोपर्यंत जायची गरज नव्हती. कालिदासाने ते विदर्भाच्याच लेकीवर प्रयोग करून दाखवलं आहे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात भोजाची बहीण इंदुमती दिव्याच्या ज्योतीसारखी स्वयंवराच्या मंडपातून चालत जाते आणि ती पुढे गेली की मागे राहिलेल्या राजाचा चेहरा अंधारतो. या एका उपमेवर कालिदासाला दीपशिखा ही पदवी मिळाली. दोनच सर्ग पुढे ती नवऱ्यासोबत उपवनात असते. आकाशमार्गाने नारद गोकर्णाकडे निघालेले. त्यांच्या वीणेला बांधलेली दिव्य फुलांची माळ वाऱ्याने सुटते आणि इंदुमतीच्या छातीवर येऊन पडते. ती एकदा त्या फुलांकडे पाहते. संपलं. साप नाही, बाण नाही, दुखणं नाही. फुलं. आमच्या संस्कृतच्या सरांनी हा सर्ग मार्चच्या उन्हात शिकवला होता; पंखा फिरत नव्हता, बाहेर लिंबाची पानंही हलत नव्हती, आणि सर खडू हातात धरून म्हणाले, “पोरांनो, मरणाला हलकं असणंही जमतं.” मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. अर्थात त्यात थोडा वाटा उन्हाचाही होता.

त्यामागचा शाप कालिदास नंतर वसिष्ठांच्या निरोपातून सांगतो : ती मूळची हरिणी नावाची अप्सरा, तृणबिंदू ऋषींच्या तपात विघ्न आणलं म्हणून मनुष्यलोकात आलेली, स्वर्गातली फुलं दिसेपर्यंतच इथे राहायची. कारण समजल्याने अजाचं दुःख काडीभरही कमी होत नाही, हे कालिदासाचं मोठेपण. दशरथ मोठा व्हावा म्हणून तो आठ वर्षं कशीबशी काढतो आणि मग गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो. रिल्के 1926 च्या डिसेंबरात गेला, रक्ताच्या कर्करोगाने. पण त्याच्या चाहत्यांना एवढं साधं कारण पुरत नाही. एका पाहुणीसाठी गुलाब तोडताना काटा बोटात गेला आणि तिथून सगळं सुरू झालं, अशी कथा आजही सांगतात. डॉक्टरांनी मान हलवली तरी मला ती कथा सोडवत नाही. इंदुमतीच्या माहेरच्या माणसाला फुलाचा संशय आधी येणारच.

वीणा, वारा, मेलेली बायको आणि विलाप करणारा नवरा एवढं सगळं जमल्यावर ऑर्फियस लांब राहत नाही. त्याच्या गाण्याने पाताळ विरघळलं आणि युरिडिसी परत न्यायची परवानगी मिळाली. अट एकच : उजेडात पोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. ही गोष्ट मी आजीला सांगितली तेव्हा अट ऐकून तिला काहीच आश्चर्य वाटलं नाही. स्मशानातून परतताना मागे पाहायचं नसतं, हे तिच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं. मडकं फोडायचं आणि सरळ घराकडे चालू लागायचं. तिला आश्चर्य वाटलं ते गवयाचं. “एवढा गाणारा मानूस, अन् दोन पावलं दम नाई धरवला त्याले?” मी म्हटलं, प्रेम होतं ना आजी. ती म्हणाली, “मंग तं अजूनच धरा लागत होता.” युरोपात या प्रश्नावर दोन हजार वर्षं संगीतिका, चित्रं आणि ग्रंथ झाले. आजीने तो वातीला तूप लावता लावता निकालात काढला.

रिल्केने 1904 च्या एका कवितेत मात्र असं काही केलं, की आजीचीही वात थांबली. त्याची युरिडिसी नवऱ्याच्या मागे चालते, पण घाईत नाही. मरण तिच्यात पिकल्या फळासारखं भरून राहिलेलं आहे. ती स्वतःतच इतकी पुरी आहे, की पुढे चालणारा तो धडपडा माणूस तिच्या लक्षातही नाही. त्याने वळून पाहिलं, असं हर्मिस देव तिला कळवळून सांगतो, तेव्हा कोणाबद्दल बोलणं चाललं आहे हेच तिला समजत नाही. आपल्याकडे दुष्यंत शकुंतलेला विसरला. इथे बाई नवऱ्याला विसरली आहे, आणि कोणा ऋषीचा शाप नाही, अंगठी नाही, मासा नाही. आजी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “होते असं.” आजोबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, हे मला उशिरा आठवलं.

प्रागमध्ये वाढलेल्या जर्मनभाषी माणसाला ग्रीक पुराण इतकं आपलं कसं झालं, असं कोणी विचारलं तर मी सुरेश भटांचं नाव सांगतो. 1932 साली अमरावतीत जन्मलेल्या माणसाला फारसी-उर्दूची गझल आपली झालीच ना! आणि अशी झाली, की ‘रंग माझा वेगळा’ आणि ‘एल्गार’ हाती घेताना ती कुठल्या गावाहून आली, हे विचारायचं भानही वाचकाला राहत नाही. पुराणं आणि छंद यांना सासर मानवतं. आमच्या राजकन्यांचा अनुभवही हाच.

विलापिका अर्धवट ठेवून रिल्के दहा वर्षं भटकला. मध्ये महायुद्ध झालं, त्यात त्याला व्हिएन्नाच्या लष्करी दप्तरखान्यात दिवस काढावे लागले. शेवटी 1922 च्या फेब्रुवारीत, स्वित्झर्लंडमधल्या म्युझो नावाच्या जुन्या दगडी घरात, सगळं एकदम आलं. मैत्रिणीने भिंतीवर ऑर्फियसच्या चित्राचं एक कार्ड लावून ठेवलं होतं. व्हेरा नावाची ओळखीतली नर्तकी एकोणिसाव्या वर्षी गेली होती. तिच्या आईने लिहिलेली आजारपणाची हकिकत त्याने वाचली आणि महिना संपायच्या आत ऑर्फियसला उद्देशून पंचावन्न सुनीतं झाली, मधल्या मध्ये विलापिकाही पुऱ्या झाल्या. हे सुनीतांतलं ऑर्फियसपण विलापिकांपेक्षा मला जवळचं वाटतं. तिथे भयाचा आवाज खाली येतो आणि रडण्याला गाता येतं.

त्याच वर्षी त्याच्या एकुलत्या मुलीचं, रूथचं, लग्न झालं. रिल्के गेला नाही. इथे माझी आणि त्याची थोडी फारकत होते. वऱ्हाडात चुलतमावशीच्या नणंदेच्या पोरीच्या लग्नालाही माणसं भर मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, डोक्याला दुपट्टा गुंडाळून जातात आणि वरून जेवणात मीठ कमी होतं म्हणून नाराज होतात. आमचा जुना राजा भीम घ्या. दमयंती आणि नळ वनात हरवले तर त्याने देशोदेशी ब्राह्मण पाठवले, चेदीच्या राजवाड्यातून लेक हुडकून आणली, भुवयांमधल्या तिळावरून ओळख पटवून. मला वाटतं, लेकी देण्याचं खातं विदर्भाकडे आलं ते यामुळेच : दिलेली लेक परत शोधायला जाणारी माणसं इथे होती.

आणि दमयंती तर ऑर्फियसची गोष्ट सरळ उलटी करून टाकते. इथे हरवला आहे तो नवरा, आणि आणते ती बायको. कर्कोटकाच्या दंशाने नळाचं रूप पालटलेलं, बाहुक नावाचा कुरूप सारथी होऊन तो कौंडिण्यपुरात आलेला. खोट्या दुसऱ्या स्वयंवराची आवई उठवून त्याला तिथवर खेचून आणलं ते दमयंतीनेच. पण पाहून ओळख पटण्यासारखी नाही. पाहणं इथे कुचकामाचं आहे. तेव्हा ती केशिनी नावाच्या दासीला पाठवते आणि बाहुकाने शिजवलेल्या मांसाचा एक तुकडा मागवते. तो चाखते, आणि ओरडून रडते. हाच नळ. युरोपातल्या प्रेमिकाने गाणं गाऊन बायको मिळवली आणि नजरेने घालवली. आमच्या मुलीने नवरा चवीवरून परत मिळवला. महाभारताने त्या दिवशीची पाककृती दिलेली नाही. मसाला कोणता, तिखट किती, काही नाही. त्यामुळे अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ज्या ज्या घरी सामिष शिजतं, तिथला रविवारचा आचारी ती आपल्यालाच माहीत आहे असं समजून चालतो, आणि झाकण काढताना बायकोच्या चेहऱ्याकडे हळूच बघून घेतो.