विनोद नको, हसायचंय

मी आता समग्र झालो आहे. माझं समग्र वाङ्मय निघण्याची शक्यता प्रकाशकांनी फोन न उचलून निकालात काढली, तेव्हा निदान आरोग्य तरी समग्र असावं असं ठरवलं. पूर्वी गुडघा दुखला की मी गुडघ्याला बाम लावत असे. आता गुडघा दुखला की झोप तपासतो, पोट तपासतो, मनात कुणाबद्दल राग साठलाय का ते पाहतो आणि जमल्यास बालपणाचाही आढावा घेतो. गुडघा दुखायचा तो दुखतोच, पण आता त्याच्या दुखण्याला वैचारिक बैठक आहे.

तयारी अभ्यासपूर्वक केली. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. रोग नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशी संपूर्ण सुस्थिती म्हणजे आरोग्य, असं तिच्यात म्हटलं आहे. या व्याख्येत बसणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, निदान नाशकात तरी नाही. सुश्रुत जास्त व्यवहारी. निरोगी माणसाची लक्षणं सांगताना त्याने दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांचा समतोल आधी घेतला, आणि आत्मा, इंद्रियं, मन यांची प्रसन्नता नंतर. हा क्रम लावणारा माणूस अनुभवी होता. सकाळचं पहिलं काम अडलेलं असताना आत्मा कितपत प्रसन्न राहतो, हे आमच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही.

मी कामाची वाटणी केली. शरीरासाठी चालणं, मनासाठी हास्यक्लब. सामाजिक बाजू सोसायटीच्या ग्रुपवर रोज 'सुप्रभात' टाकून भागेल असं धरलं. घरातलं तेल लाकडी घाण्याचं झालं, मीठ सैंधव झालं, साखरेची जागा गुळाने घेतली आणि गव्हाच्या डब्यात नाचणी आली. "समग्र तुम्ही व्हायचं आणि निवडणं-टिपणं मी करायचं," असं ही म्हणाली. तिच्या मनात राग साठत असावा, अशी मी नोंद घेतली.

चालण्याचं व्रत दहा हजार पावलांचं. रात्री अकराला घड्याळात पावलं कमी दिसली की उरलेली मी बेडरूम ते बाल्कनी अशी घालतो. खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर येऊन दबक्या आवाजात विचारून गेले, "कुणाचं जास्त आहे का?" पुढे कळलं की हा आकडा ना कुठल्या ऋषीचा, ना डॉक्टरचा. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ साली, जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. आकडा गोल आणि विकायला सोपा. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत साधारण साडेसात हजार पावलांनंतर जास्तीचा फायदा दिसेनासा झाला. म्हणजे रोजची अडीच हजार पावलं मी एका जपानी जाहिरातीसाठी चाललो. बाल्कनीतली तर सगळीच.

आता हास्यक्लब. इथे जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण आरोग्याच्या बाकी अंगांत मी शिकाऊ असलो तरी हसवणं हा माझा प्रांत. माझे विनोदी लेखसंग्रह प्रसिद्ध आहेत, म्हणजे प्रकाशित आहेत. शिवाय नॉर्मन कझिन्स मी वाचलेला होता. हा अमेरिकन संपादक सांध्यांच्या भयंकर दुखण्याने खिळून होता. त्याने मार्क्स बंधूंचे सिनेमे लावून घेतले आणि पुढे १९७९च्या पुस्तकात लिहिलं, की दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते. मी लगेच हिशेब मांडला. माझा एक लेख वाचायला साधारण दहा मिनिटंच लागतात. (झोप लागल्याचे अभिप्राय मला पूर्वीही आले होते. त्यात वेदनेचा उल्लेख नव्हता.)

तेव्हा मी गोल्फ क्लबच्या मैदानावर गेलो ते निवडक किस्से घेऊनच. बाहेरगावच्या वाचकांसाठी: नाशकातल्या या मैदानावर गोल्फ सोडून सगळं चालतं. क्लबाचे कप्तान म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, पांढऱ्याशुभ्र बुटांचे गृहस्थ. आधी टाळ्यांच्या ठेक्यावर 'हो हो, हा हा हा' झालं. मग सिंहहास्य, त्यात जीभ बाहेर काढून हसायचं. मग मोबाइलहास्य, त्यात हात कानाला लावून हसायचं. मग भांडणहास्य, त्यात एकमेकांवर बोट रोखून हसायचं. मधे जरा उसंत मिळाली तशी मी घसा साफ करून म्हटलं, "एक माणूस डॉक्टरकडे जातो..."

कप्तानांनी हात वर केला. "सर, विनोद नको. हसायचंय."

मला हा वैयक्तिक आकस वाटला. घरी येऊन शोध घेतला, तर या चळवळीचा पायाच तो निघाला. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत, लोखंडवालाच्या बागेत, पाच जणांनिशी पहिला क्लब सुरू केला. तेव्हा माणसं गोल करून उभी राहत आणि एकेक जण मधे येऊन विनोद सांगे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. उरलेल्यांत काही शिळे, काही चावट, काही कुणाची तरी टर उडवणारे. माणसं दुखावली. क्लब मोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी विनोद काढून टाकला आणि नुसतं हसणं ठेवलं. क्लब टिकला, वाढला, देशोदेशी पोचला. हास्याच्या प्रकृतीला बाधणारा एकच घटक सापडला, आणि तो माझा धंदा.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. अशी मराठी विनोदाची परंपरा, तिच्या शेपटाला कुठेतरी मी. आणि माझ्यासमोर माणसं लस्सीहास्य करताहेत. यात दोन रिकाम्या मुठी पेले समजून, वर-खाली करत, नसलेली लस्सी इकडून तिकडे ओतायची आणि मग मान मागे टाकून ती पिता पिता हसायचं. काय हसत होती! माझ्या एकाही वाक्याला असा हशा मिळाला नव्हता, आणि हा न दिसणाऱ्या लस्सीला. "खरं हसू आणि आणलेलं हसू यांतला फरक शरीराला कळत नाही," असं कप्तान समजावत. आमच्या हिला तो अचूक कळतो.

तरी मी जात राहिलो. एक तर नंतर सगळे मिळून मिसळ खायला जात. तिथे पापड मोडून रस्सा मागवताना समग्रता, अग्नी वगैरेंबद्दल फार चांगली चर्चा होई.

मागच्या पावसाळ्यात कप्तानांच्या छातीत कळ आली आणि बायपास करावी लागली. तेच कप्तान, जे मिसळीच्या टेबलावर कोरा चहा घेऊन बसत. आयसीयूतून खोलीत आणल्यावर आम्ही सगळे भेटायला गेलो आणि चौकशी सुरू झाली. काकूंना बाजूला घेऊन एकेक जण विचारत होता: तूप जास्त होतं का? रात्री उशिरा जेवायचे का? मनात ठेवायचे का? एकाने अर्जुनाची साल सुचवली. एक जण दुधीच्या रसाची बाटलीच घेऊन आला होता. कडू निघालेल्या दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत, पण खोलीत तेवढं सांगायची सोय नव्हती. "सकारात्मक विचार ठेवा," असं तर प्रत्येकानेच सांगितलं, जणू धमनी नकारात्मक विचाराने तुंबते.

मला त्या दुपारी फार राग आला, आणि तो साठू द्यायला नको म्हणून इथे काढतो. जन्मभर नेमाने वागलेल्या माणसाची छाती उघडून शिवलेली, आणि त्यात चूक हुडकायला आमची रांग. त्याची चूक सापडली की आपण सुटलो, एवढाच तिचा अर्थ. पूर्वी लोक मागच्या जन्मीचं पाप म्हणत. त्यात निदान या जन्मापुरती आरोपीची सुटका होती. आता रात्रीचं जेवण साडेनऊला झालं एवढा पुरावा पुरतो. कप्तानांच्या वडिलांना आणि थोरल्या भावाला हाच विकार होता. दोष द्यायचाच तर घराणं निवडण्यात ते चुकले.

शेवटी काकूच म्हणाल्या, "ते सगळं राहू द्या. आज रात्री यांच्याजवळ कोण थांबेल? मुलगा उद्या पोचतोय." खोलीतल्या सगळ्यांना एकदम कामं आठवली. मी थांबलो. यात मोठेपणा नाही. मी दारापासून सगळ्यात लांब उभा होतो.

रात्री कप्तान जागेच होते. छातीशी उशी धरलेली. खोकला आला की टाक्यांना आधार म्हणून ती आवळून धरायची असते. बराच वेळ छताकडे पाहून म्हणाले, "सर, तो माणूस डॉक्टरकडे जातो. पुढे काय होतं?"

मी सांगितलं. (इथे सांगत नाही, छापील रूपात तो विनोद याआधी फसला आहे.) कप्तान हसले. हो हो नाही, हा हा हा नाही. उशी आवळून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, "आई गं, आई गं" करत हसले. नर्स धावत आली आणि म्हणाली, "बाबांना हसवू नका, टाके ताजे आहेत." माझ्या लेखनाला इतका स्पष्ट अभिप्राय आजवर कुणी दिला नव्हता.

कप्तान आता घरी आहेत. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं आहे आणि अजून बरोबर माणूस लागतो, म्हणून क्लबात आम्ही पाळ्या लावल्या आहेत. गुरुवार रिकामा आहे. नाशकात राहत असाल आणि सकाळी सहाला उठत असाल तर कळवा. येताना दुधी आणू नका.