बाथमधली धावपळ

जेन ऑस्टिनच्या निधनानंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'पर्सुएशन'ची नायिका अ‍ॅन एलियट वेंटवर्थ या नौदल अधिकाऱ्याशी मोडलेल्या वाङ्निश्चयाचे दुःख आठ वर्षे मुकाट्याने सोसते; आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीच्या २००७ मधील दूरचित्रपटाला, म्हणजे चित्रपटगृहाऐवजी घरच्या पडद्यासाठी बेतलेल्या कथापटाला, ते सारे सुमारे दीड तासात उरकायचे होते आणि ती घाई अखेरीस नायिकेच्या पायांत उतरली. कादंबरीत अ‍ॅन वेंटवर्थचा मित्र हार्व्हिल याच्याशी स्त्रियांच्या निष्ठेविषयी बोलत असताना त्याच खोलीत दुसऱ्याच पत्राचे निमित्त करून बसलेल्या वेंटवर्थची लेखणी गळून पडते आणि त्यातून त्याचे प्रेमपत्र जन्मते. पडद्यावर तो संवाद आधीच भलत्या पात्राशी आटोपलेला असल्याने पत्र तिला भर रस्त्यात मिळते आणि ती बोडक्या डोक्याने, धापा टाकत बाथ शहरभर पळत सुटते. संधिवाताने जागची न हलणारी तिची जुनी मैत्रीण मिसेस स्मिथही तिला वाटेतच गाठून तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या चुलतभावाची, मिस्टर एलियटची, लबाडी सांगून मोकळी होते (बाथच्या गरम झऱ्यांना एवढा गुण असल्याचे खुद्द ऑस्टिनलाही ठाऊक नसावे). एवढ्या पायपिटीने वाचवलेला वेळ मग एकाच चुंबनाआधीच्या लांबलचक थांब्यावर सढळ हाताने उधळला जातो.