वीस लिटरांतला कुंटाला

कडेम नदीवरचा सुमारे 45 मीटर उंचीचा कुंटाला धबधबा पाहण्यासाठी आदिलाबादकरांना नेरडिगोंडा मंडलापर्यंत जावे लागते. दिवाणखान्यातल्या गप्पी माशाला मात्र ही सोय घरबसल्या, बारमाही आणि विजेच्या बिलासह मिळते, कारण त्याच्या 20 लिटरांच्या टाकीत ताशी 600 लिटर पाणी फेकणारा फिल्टर बसवलेला असतो. प्रवाहदर, म्हणजे फिल्टर तासाभरात फिरवतो तितके पाणी, साधारणपणे टाकीच्या चार-पाच पट पुरेसा मानला जातो. येथे तो तीस पट असल्याने मासा पोहतो की धुतला जातो, हा प्रश्न अभ्यासकांसाठी खुला राहतो. थायलंडच्या भातखाचरांतल्या संथ पाण्याच्या वंशातला, लांब परांचा फायटर मासा तर वादळात धोतर सावरणाऱ्या गृहस्थासारखा दिसतो. वास्तविक अमोनियाचे, म्हणजे माशांच्या उत्सर्गातून साचणाऱ्या विषाचे, रूपांतर करणारे जिवाणू हवेच्या पंपावर चालणाऱ्या साध्या स्पंज फिल्टरच्या छिद्रांतही मुकाट्याने वाढतात; परंतु स्पंज पाहुण्यांच्या नजरेत भरत नाही, आणि फिल्टर बहुधा पाहुण्यांसाठीच घेतलेला असतो. रोपामागे जीव मुठीत धरून दडलेल्या माशाला मग घरात कौतुकाने ‘लाजाळू’ म्हटले जाते.