सांताचा सातबारा

डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे एक वर्ग अस्वस्थ होतो. महाबळेश्वर त्याला गर्दीचं वाटतं. माथेरानला ओळखीचे भेटतात. गोव्याचं तर नावच काढायचं नाही. मग हा वर्ग लाखो रुपये मोजून फिनलंडच्या उत्तरेला, रोवानिएमीला जातो. तिथे त्या महिन्यात अख्खं जग लोटलेलं असतं.

त्यात शेजारच्या विंगमधलं कुटुंबही असतं.

रोवानिएमी ही लॅपलँडची राजधानी. वस्ती 65 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे नगरपालिकेच्या निवडणुकीपुरतं बातमीत येईल असं गाव. ओळख एकच: सांताक्लॉजचं अधिकृत गाव. आता एखादी गोष्ट ‘अधिकृत’ आहे असं कुणी मुद्दाम सांगायला लागलं, की तिच्यावर कुणीतरी हरकत घेतलेली असणार, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

हरकती भरपूर आहेत. नॉर्वेतलं ड्रोबाक म्हणतं, सांता आमचा. ग्रीनलँड म्हणतं, आमचा. रशियाने वेलिकी उस्त्युग या गावात आपला स्वतंत्र सांता, देद मोरोझ, बसवला आहे. कागदोपत्री सगळ्यांत भक्कम दावा तुर्कस्तानातल्या देमरेचा. ज्या संत निकोलसवरून ही सगळी कथा निघाली, ते चौथ्या शतकात तिथेच बिशप होते. पण देमरे भूमध्य समुद्राकाठी. तिथे बर्फ कुठला?

मूळ मालक तुर्कस्तानात. कब्जेदार फिनलंड.

फिनलंडचा पुरावा काय? 1927 साली रेडिओवर मुलांचा कार्यक्रम करणाऱ्या मार्कुस राउतिओ यांनी सांगून टाकलं, की सांता कोर्वातुन्तुरी नावाच्या डोंगरात राहतो. डोंगर कानाच्या आकाराचा, त्यामुळे जगभरातल्या पोरांचं त्याला ऐकू येतं. फेरफार मंजूर!

अडचण एवढीच, की हा डोंगर ऐन रशियाच्या सरहद्दीवर. वर चढायचं तर सीमारक्षकांची परवानगी लागते. तिथे पर्यटकांच्या बसेस कशा नेणार? म्हणून म्हातारा राहायला डोंगरात आणि त्याचं ऑफिस रोवानिएमीला, विमानतळाच्या हाकेच्या अंतरावर. रोजचं अप-डाऊन तो कसं करतो, हे विचारायचं नसतं.

1984 साली लॅपलँडच्या गव्हर्नरांनी हा प्रांत सांताची भूमी असल्याचं जाहीर केलं. त्याच नाताळात काँकॉर्ड विमान हौशी प्रवासी घेऊन उतरलं. 1985 साली ‘सांताक्लॉज व्हिलेज’ उभं राहिलं. प्राचीन, गूढ, उत्तर ध्रुवीय वगैरे परंपरेचं वय हे एवढं.

‘शोले’ त्याहून दहा वर्षांनी जुना आहे.

बरं, त्याआधी फिनलंडमध्ये काय होतं? नाताळ सरता सरता एक बाप्या बोकडाचं सोंग घेऊन, मुखवटा लावून दारोदार फिरायचा आणि खाणं-पिणं मागायचा. द्यायचा काही नाही. पोरं त्याला घाबरायची. पुढे त्याला तांबडा अंगरखा मिळाला, दाढी मिळाली, स्वभाव सुधारला. मात्र वसुलीची सवय सुटली नाही.

आता लोक स्वतः विमानाने येऊन देऊन जातात.

गावाला मात्र भामटं म्हणू नका. 1944 च्या सप्टेंबरात फिनलंडचा सोव्हिएत संघाशी युद्धविराम झाला आणि कालपर्यंत मित्र असलेल्या जर्मन फौजांना हुसकावणं भाग पडलं. माघार घेताना त्यांनी लॅपलँड जाळत नेलं. रोवानिएमीतल्या दहांपैकी नऊ इमारती गेल्या. नंतर आल्व्हार आल्टो या थोर वास्तुविशारदाने नव्या शहराचा आराखडा काढला, तो रेनडिअरच्या डोक्याच्या आकारात. रस्ते म्हणजे शिंगं, स्टेडियम म्हणजे डोळा. नकाशात छान दिसतं. खाली उभं राहिलं की सिग्नल दिसतो.

1950 साली अमेरिकेच्या माजी फर्स्ट लेडी एलिनॉर रूझवेल्ट ही पुनर्बांधणी पाहायला आल्या. त्यांना आर्क्टिक वर्तुळ पाहायचं होतं. पाहायचं होतं खरं, पण तिथे पाहण्यासारखं होतं काय? झाडं. मग घाईघाईने शहराच्या उत्तरेला एक लाकडी झोपडी उभारली गेली. मंत्री येणार म्हटल्यावर आपल्याकडे एका रात्रीत डांबर पडतं, तसंच. फरक एवढाच, की ती झोपडी अजून उभी आहे.

आजूबाजूचा सगळा बाजार तिच्यानंतरचा. राख झालेल्या गावाने थंडी विकून पोट भरलं, तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण? दुकानदाराबद्दल तक्रार नाही.

तक्रार गिऱ्हाइकाबद्दल आहे.

या गिऱ्हाइकाचं पहिलं काम म्हणजे रेघ ओलांडणं. सांताच्या गावात जमिनीवर आर्क्टिक वर्तुळाची रेघ आखलेली आहे. एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे, फोटो. वर्तुळ ओलांडल्याचं प्रमाणपत्रही मिळतं, अर्थात विकत. आता पृथ्वीचा आस किंचित किंचित सरळ होत चालला आहे आणि त्यामुळे खरं वर्तुळ वर्षाला साधारण चौदा-पंधरा मीटर उत्तरेला सरकतं. गाव वसल्यापासून ते अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे गेलं. रेघ आहे तिथेच आहे.

रेघेशेजारी दुकानं बांधून झाली आहेत हो! सरकवणार कशी?

दुसरं काम, साहेबांची भेट. रांग लागते. टोकदार टोपीतले ‘एल्फ’ रांग सांभाळतात. मोबाइल खिशात ठेवायला सांगतात. आत लाकडी खोली, मंद दिवे, गुडघ्यापर्यंत दाढी. सांता विचारतो, कुठून आलात? तुम्ही इंडिया म्हणता, तो ‘नमस्ते’ म्हणतो, तुम्ही विरघळता. तेवढ्यात मागच्या कुटुंबाची पाळी येते. भेट फुकट, हे प्रामाणिकपणे सांगितलेलं असतं. बाहेर पडताना काउंटरवर स्क्रीन असते आणि स्क्रीनवर तुमचं पोर म्हाताऱ्याशेजारी खुदकन हसत असतं. स्वतःच्या कॅमेऱ्याने काढू दिलेलं नाही. आता तो फोटो न घेता परतून दाखवा.

मॅनेजमेंटच्या संस्था विद्यार्थ्यांना अभ्यासदौऱ्यावर कुठे कुठे नेतात. इथे का नेत नाहीत?

तरी या ऑफिसवरही एकदा वाईट दिवस आले होते. 2015 साली दोन लाख युरोंच्या आसपास कर थकला आणि ते चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली. मग पैशांची सोय झाली आणि कारभार चालू राहिला. म्हणजे पाहा, धुरांड्यातून उतरणारा, रेनडिअरवरून उडणारा, जगातल्या प्रत्येक पोराचं वर्तन नोंदवून ठेवणारा.

करखात्याने त्याला पण सोडलं नाही.

पोस्ट ऑफिसही आहे. दोन पेट्या: एकीतलं पत्र लगेच निघतं, दुसरीतलं थेट नाताळच्या सुमारास पोहोचेल असं. आर्क्टिक वर्तुळाचा शिक्का बसतो. जगभरातून मुलांची लाखो पत्रं इथे येतात, ती फोडून वाचलीही जातात. सांताचं उत्तर हवं असेल तर त्याची ऑर्डर द्यावी लागते. पैसे आगाऊ.

मग येते ती हस्की कुत्र्यांची गाडी. लॅपलँडची अस्सल सफर! लॅपलँडचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअरच्या घसरगाडीने आणि स्कीवर हिंडला. त्याचं कुत्रं कळप हाकायचं. गाडी ओढणारे हस्की आले ते पर्यटकांसाठी, कारण पर्यटकाने सिनेमात हस्की पाहिले होते.

अस्सलपणा गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार पुरवला जातो.

सामी लोकांचंही तसंच. उत्तर युरोपातला हा आदिवासी समाज. त्यांचा फिनलंडमधला हक्काचा प्रदेश इनारी, उत्स्योकी, एनोन्तेकिओ अशा रोवानिएमीच्याही उत्तरेच्या भागात. पण त्यांच्या पोशाखाच्या स्वस्त नकला घालून पर्यटकांना रिझवण्याचा उद्योग वर्षानुवर्षं चालला. अखेर 2018 साली सामी संसदेला पर्यटनासाठी आचारसंहिता काढावी लागली. माणसाचा सणाचा वेष दुसऱ्याच्या पोटापाण्याचा गणवेश झाला, की संसदेलाच मध्ये पडावं लागतं.

आणि रेनडिअर? सकाळी त्याच्या गाडीत बसायचं, दुपारी त्याच्या नाकावर हात फिरवायचा, ‘सो क्यूट’ म्हणायचं. रात्री कुस्करलेल्या बटाट्यावर त्याचंच मांस, बाजूला लिंगनबेरी. स्थानिकांना यात काही विपरीत वाटत नाही, कारण ते जनावर त्यांनी पाळलं ते त्यासाठीच. आपल्याकडचे शाकाहारी मात्र टूर मॅनेजरच्या डब्याकडे वळतात.

आर्क्टिक वर्तुळावर थेपला. हीसुद्धा आता परंपराच.

पॅकेजमधली सगळ्यांत महाग ओळ मात्र ‘नॉर्दर्न लाइट्स’. ती छापताना शेजारी फुली असते आणि फुलीचा अर्थ पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात. सूर्याकडून भारित कण यायला हवेत, ते वातावरणावर आदळायला हवेत आणि त्या वेळी आभाळ मोकळं हवं. डिसेंबरात लॅपलँडचं आभाळ पुष्कळदा ढगाळ. सूर्याने तुमची आयटिनरी वाचलेली नसते.

समजा दिसलेच. बरेचदा डोळ्यांना पांढुरका, राखाडी पट्टा दिसतो. हिरवा रंग दिसतो मोबाइलच्या नाइट मोडमध्ये. म्हणून उणे 20 मध्ये हातमोजे काढून सगळे जण स्क्रीनकडे बघत उभे असतात, आभाळाकडे पाठ करून. 2024 च्या मे महिन्यात मोठं सौर वादळ झालं, तेव्हा लडाखमधल्या हानलेतही आभाळात लाल झाक कॅमेऱ्यांनी टिपली.

तिथे शेंगेन व्हिसा लागत नाही.

दिवसाचं तर बोलायलाच नको. डिसेंबरच्या ऐन मध्याला सूर्य अकराच्या सुमारास डोकं वर काढतो आणि दीडच्या आत परत जातो. त्या सव्वादोन तासांत नाष्टा, थर्मल चढवणं, बूट भाड्याने घेणं आणि एका काकांचा हरवलेला मोजा शोधणं. बाहेर येईपर्यंत अंधार. अंधाराचे फोटो मात्र पुष्कळ येतात.

आता बर्फ तरी हक्काचा असेल? 2018 च्या नोव्हेंबरात तोही वेळेवर आला नाही. ब्रिटिश टूर कंपन्यांना काही सहली रद्द कराव्या लागल्या. लॅपलँडमधली स्की केंद्रं आता आदल्या हिवाळ्याचा बर्फ उन्हाळाभर झाकून साठवून ठेवतात. आर्क्टिक वर्तुळावर बर्फाचं गोदाम! रेनडिअरचे हाल त्याहून वाईट. हिवाळ्यात मध्येच पाऊस पडतो, तो गोठून जमिनीवर कवच होतं आणि खालचं दगडफूल त्यांना उकरता येत नाही. मग पाळणाऱ्याला चारा विकत आणावा लागतो.

हे सगळं तापतंय कशाने? त्याचं एक कारण डोक्यावरून घरघरत उतरत असतं. आपण त्यातच बसून आलेलो असतो.

ते उतरतं त्या विमानतळाचंही नाव सांताशी जोडलेलं. त्याच धावपट्टीवरून फिनिश हवाई दलाची लढाऊ विमानं उडतात. फिनलंड 2023 साली नाटोत गेला आणि जुन्या हॉर्नेटच्या जागी एफ-35 घ्यायचं तर त्याआधीच ठरलं होतं. शेजारी रशिया असल्यावर नुसत्या रेनडिअरवर भिस्त ठेवून चालत नाही.

राहता राहिले तिथले लोक. रोवानिएमीत 2023 साली पर्यटकांच्या मुक्कामाच्या रात्री सुमारे 12 लाख भरल्या. हॉटेलं पुरेनात, म्हणून राहत्या इमारतींतले फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जाऊ लागले. जिन्यात अपरात्री चाकांच्या बॅगांचा खडखडाट, पार्किंगमध्ये अनोळखी गाड्या, शेजारी कोण राहतं ते दर तीन दिवसांनी बदलणार. भाडी वाढली ती वेगळीच. 2024 च्या सप्टेंबरात तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले. मागणी साधी होती: राहत्या घरांत लोकांना राहू द्या.

फिनिश माणूस निषेध करायला घराबाहेर पडतो, म्हणजे पाणी कुठवर आलंय याचा अंदाज करा.

आपल्याला काय त्याचं? आपण तर तीन रात्री, चार दिवस. स्टेटसला फोटो टाकला, फ्रीजला सांताचं मॅग्नेट लागलं, संपलं. पुढच्या वर्षी दुसरीकडे.

जायचंच असेल तर मार्चमध्ये जा. तेव्हा दिवस बारा तासांचा असतो, बर्फाचा थर जाड असतो, संपाताच्या दिवसांत नॉर्दर्न लाइट्सची शक्यताही बरी असते आणि नाताळची झुंबड ओसरलेली असते. राहत्या इमारतीतला फ्लॅट न घेता हॉटेलात उतरा. सांता चुकेल म्हणून घाबरू नका. तो वर्षाचे 365 दिवस ऑफिसात बसतो.

फोटोचे पैसे मार्चमध्येही पडतात.